पाकिटावर कोणता क्यूआर कोड छापायचा? ऑर्डर देण्याआधी वाचा

मसाले, भाजणी, मेतकूट, शेव, दिवाळीचा फराळ, अगरबत्ती. लेबलं आणि पाउच छापून घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या मंडळींचं डिझाइन बहुतेक वेळा तयारच असतं. रंग ठरलेले, फोटो बसवलेला, एमआरपीची जागा सोडलेली. मग उठता उठता सांगितलं जातं, "आणि हो, मागे कोपऱ्यात एक क्यूआर टाकून द्या." कोणता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "क्यूआर म्हणजे क्यूआर, त्यात कोणता काय?"

दिसायला सगळे सारखेच, हे खरं आहे. पण पाउच एकदा छापला की तो इंदूरच्या सियागंज बाजारातल्या गोदामातून दुकानात आणि तिथून गिऱ्हाइकाच्या फडताळात जाऊन महिनोन्‌महिने राहतो. त्यावरचा कोड मागाहून दुरुस्त करता येत नाही. लेबलाचं एक वेळ ठीक आहे, पुढचा रोल नव्या कोडाने छापता येतो. ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने, छापल्या जाणाऱ्या पाउचचं तसं नाही. तिथे प्रत्येक रंगाचा सिलिंडर कोरलेला असतो, आणि कोड बदलायचा म्हणजे निदान एक सिलिंडर नव्याने करायचा. तो खर्च तुमच्या खिशातून जातो, म्हणून हे चार शब्द आधीच.

स्कॅन केल्यावर उघडायचं काय?

कोडाचा प्रकार नंतर बघू. आधी याचं उत्तर द्या. इंदुरात मेतकूट विकणाऱ्यांना हा प्रश्न सोपा जातो, कारण दुकानात उभ्या असलेल्या हिंदीभाषक गिऱ्हाइकाचा पहिलाच प्रश्न असतो, "ये खाते कैसे हैं?" मऊ भात, वर तूप, दह्यात कालवून, एवढं सांगणारं एक पान हिंदीत आणि मराठीत उघडलं तर कोडाने आपलं काम केलं. थालीपिठाच्या भाजणीचंही तसंच. पण स्कॅन करून नुसतं कंपनीचं नाव आणि मोठ्ठा लोगो दिसणार असेल, तर ती जागा मोकळी ठेवा. डिझाइन तरी सुटसुटीत दिसेल.

स्टॅटिक की डायनॅमिक

खरी निवड इथे आहे, आणि फसगतही इथेच होते.

स्टॅटिक कोडात तुमचा पत्ता किंवा मजकूर थेट त्या काळ्यापांढऱ्या चौकोनांतच लिहिलेला असतो. मध्ये कोणी नाही. असा कोड जुना होत नाही, बंद पडत नाही आणि त्याला वर्षाची फी नसते. फक्त आतला पत्ता बदलता येत नाही.

डायनॅमिक कोडात तुमचा पत्ता नसतोच. त्यात कोड बनवून देणाऱ्या सेवेचा एक आखूड पत्ता असतो. गिऱ्हाइकाचा फोन आधी तिथे जातो आणि ती सेवा त्याला तुमच्या पानावर पाठवते. फायदा उघड आहे. छापलेला कोड तोच ठेवून आज पाककृती, दिवाळीत फराळाची यादी, पुढे आणखी काही दाखवता येतं. किती वेळा स्कॅन झालं, कोणत्या शहरात झालं, हेही कळतं. (आकडा स्कॅनचा असतो, माणसांचा नाही. एकाच घरात चौघांनी उघडलं तर चार धरले जातात.)

तोटा असा, की त्या सेवेची वर्गणी थांबली की कोड मेला. 'मोफत क्यूआर बनवा' म्हणणाऱ्या कितीतरी साइट प्रत्यक्षात डायनॅमिक कोडच देतात, तेही काही दिवसांच्या मुदतीवर. आपल्याला वाटतं कोड फुकट मिळाला. पुढे पाउच बाजारात असताना त्यावर 'हा कोड निष्क्रिय आहे, योजना घ्या' असं पान उघडू लागतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. कोड स्कॅन करा आणि लिंकवर बोट ठेवण्याआधी फोन कोणता पत्ता दाखवतो ते वाचा. तुमचा पत्ता दिसला तर स्टॅटिक. अनोळखी आखूड पत्ता दिसला तर मध्ये कोणीतरी बसलं आहे.

क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार केला. पेटंट हाती असूनही कंपनीने त्याचा हक्क बजावला नाही, म्हणूनच तो जगभर पसरला. तेव्हा कोडाचे असे पैसे कुणालाच द्यावे लागत नाहीत. कोणी मागत असेल तर ते मधल्या सेवेचे आहेत, आणि ती सेवा तुम्हाला हवी आहे का हे ठरवूनच द्या.

आमचं मत विचाराल तर दोन्हींच्या मधला रस्ता धरा. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घ्या, त्यावर एक आखूड पत्ता करा आणि तोच स्टॅटिक कोडात भरा. त्या पत्त्यावरून गिऱ्हाइकाला पुढे कुठे पाठवायचं हे तुमच्या हातात राहतं. वेबसाइट करणाऱ्याला 'रीडायरेक्ट लावून द्या' एवढं सांगितलं की तो समजतो. डायनॅमिकची बहुतेक सोय मिळते आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात जात नाही. पथ्य एकच, डोमेनचं नूतनीकरण चुकवू नका. सुटलेलं डोमेन दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग तुमच्या मसाल्याच्या पाकिटावरून लोक भलत्याच दुकानात पोहोचतात.

वेबसाइट नाही, तर?

घरगुती उद्योगाला व्हॉट्सअ‍ॅपचा कोड पुरतो. डब्ल्यूए डॉट एमई या पत्त्यापुढे तिरकी रेघ, ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर लिहिला की स्कॅन करणाऱ्याच्या फोनवर थेट तुमच्याशी गप्पांची खिडकी उघडते. सुरुवातीच्या एचटीटीपीएसपासून मोजली तर ही लिंक बरोबर २६ अक्षरांची होते, आणि २५ बाय २५ चौकोनांच्या छोट्या कोडात, मध्यम दर्जाच्या दुरुस्तीक्षमतेसह (म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचला जाण्याची सोय), २६च अक्षरं मावतात. इतका सुटसुटीत कोड जुन्या फोनलाही पटकन वाचता येतो. घरातला खासगी नंबर मात्र देऊ नका. धंद्याचा वेगळा नंबर घ्या आणि तो बदलणार नाही याची खात्री करा.

कोडातच मजकूर भरायचा हट्ट

"इंटरनेट नको, पाककृती कोडातच लिहा," अशी मागणी येते. तांत्रिकदृष्ट्या जमतं. सर्वात मोठ्या, म्हणजे १७७ बाय १७७ चौकोनांच्या कोडात २,९५३ बाइट मावतात. पण देवनागरीचा हिशेब महाग पडतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन आणि त्यावरच्या काना-वेलांटीला आणखी तीन. 'थालीपीठ' हा एकच शब्द २१ बाइटचा होतो आणि सर्वात लहान कोडात बसतच नाही, कारण तिथे जास्तीत जास्त १७ बाइटची सोय आहे. छोटीशी पाककृती लिहायची म्हटली तरी मजकूर ९०० बाइटच्या घरात जातो. मग एका बाजूला शंभराहून जास्त चौकोन आणि वाचता येईल असा छापायचा तर सुमारे ६ सेंटिमीटरचा कोड. पाव किलोच्या पाकिटावर एवढी जागा कुठून आणायची? पाककृती पानावर ठेवा, कोडात फक्त पत्ता.

पत्ता जितका आखूड तितके चौकोन कमी आणि मोठे, म्हणून तो आखूडच ठेवा. आणखी एक छोटी गोष्ट: इंग्रजी मोठ्या लिपीतली अक्षरं कोडात कमी जागा घेतात. डोमेनच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, त्यामुळे तो भाग मोठ्या लिपीत लिहिता येतो. तिरक्या रेघेच्या पुढचा भाग मात्र आधी तपासून घ्या, काही साइटवर तो चालत नाही.

आकार, रंग, जागा

हा भाग आमच्या रोजच्या कामाचा, म्हणून जरा सविस्तर.

कोडाच्या चारही बाजूंना चार-चार चौकोनांएवढी कोरी कड लागते. ती कोडाचाच भाग समजा. 'जागा वाया जाते' म्हणून डिझायनर तिथे वेलबुट्टी आणून टेकवतात आणि मग फोनला कोड कुठे सुरू होतो तेच कळत नाही. वर सांगितलेल्या २५ चौकोनांच्या कोडात एक चौकोन अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तर कड धरून १६.५ मिलिमीटर होतात. आम्ही पाउचवर २ सेंटिमीटरच्या खाली जायचा सल्ला देत नाही, कारण फ्लेक्सोवर (लवचीक प्लेटने होणाऱ्या छपाईत) शाई थोडी पसरते आणि बारीक चौकोन एकमेकांत मिसळतात. प्रदर्शनातल्या बॅनरवर कोड लावायचा असेल तर अंतराचा दहावा भाग धरा: दोन मीटरवरून वाचायचा तर २० सेंटिमीटर.

फिक्या जमिनीवर गडद कोड. काळा उत्तम, गडद निळा किंवा गडद हिरवा चालतो. लाल नको, कारण लाल उजेडाच्या स्कॅनरला लाल शाई पांढरीच दिसते. गडद जमिनीवर पांढरा कोड पुष्कळ फोन वाचतात, पण सगळे नाही, आणि तुमचं गिऱ्हाईक कोणता फोन घेऊन येणार हे आपल्या हातात नाही.

चंदेरी मेटलाइज्ड पाउचवर थेट छापलेला कोड ट्यूबलाइटखाली चमकतो आणि फोन आंधळा होतो. तिथे कोडाखाली पांढऱ्या शाईचा पट्टा हवाच. पारदर्शक खिडकीवर कोड घेऊ नका. आतली पिवळी शेव हलली की जमीनच बदलते. पाउचच्या मागचा मधला सील, बाजूची घडी आणि वरचा क्रिंप (दाबून बंद केलेली चुणीदार कड) यांपासून कोड लांब ठेवा. शेवेच्या हवा भरलेल्या पाकिटाचा पोटाचा भाग फुगतो, म्हणून खालच्या बाजूला, सीलपासून दोन बोटं वर, हीच जागा बरी. गोल बरणीवर कोड इतका रुंद नको की त्याच्या दोन्ही कडा एका वेळी दिसूच नयेत.

कोडाची दुरुस्तीक्षमता चार पायऱ्यांची असते: एल, एम, क्यू आणि एच. अनुक्रमे साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. पायरी चढवली की चौकोन वाढतात. कोरड्या लेबलाला एम पुरे. तेलकट हात लागणाऱ्या पाकिटाला क्यू घ्या. मध्ये लोगो हवा असेल तर एच लागतो. तो लोगो म्हणजे आपण स्वतः केलेलं नुकसानच, आणि त्यानंतर सुरकुती किंवा डाग सोसायला कोडाकडे थोडंच शिल्लक राहतं. आम्ही लोगोच्या विरुद्ध आहोत, पण गिऱ्हाइकाची हौस असते.

पैशांचा कोड, बारकोड, नियम

यूपीआयचा कोड पाकिटावर नको. घटक पदार्थ बघायला स्कॅन करणाऱ्यासमोर पैसे भरायचं पान उघडलं की तो बिचकतो. शिवाय बँक बदलली की यूपीआय आयडीही बदलू शकतो आणि पुन्हा सिलिंडर. तो कोड काउंटरवर किंवा बिलावर शोभतो.

मॉलमध्ये किंवा मोठ्या किराणा दुकानात माल द्यायचा असेल तर ८९० ने सुरू होणारा रेघांचा बारकोड लागतोच. अनेक बिलिंग काउंटरवरचे स्कॅनर फक्त रेघाच वाचतात. बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेने २०२७ च्या अखेरपर्यंत जगभरच्या काउंटरवर क्यूआरसारखे चौकोनी कोडही वाचले जावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्यासाठीच्या 'डिजिटल लिंक' प्रकारच्या क्यूआरमध्ये मालाचा क्रमांक, बॅच आणि मुदत एकाच पत्त्यात बसते. सध्या दोन्ही छापा, पण एकमेकांना चिकटवून नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत गैरसमज नको. अंध व्यक्तींना माहिती मिळावी म्हणून क्यूआर द्यावा, असं एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२३ मध्ये सुचवलं, पण त्यामुळे घटक, वजन, तारीख, एमआरपी, परवाना क्रमांक यांतलं काहीही पाकिटावरून काढता येत नाही. औषधांचं वेगळं: १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे.

मायक्रो क्यूआर आणि डेटा मॅट्रिक्स हे आणखी छोटे प्रकार कारखान्यात, औषधांच्या पट्टीवर कामाला येतात. मायक्रो क्यूआर तर फोनचा साधा कॅमेरा बहुधा वाचतच नाही. घरगुती मालाला दोन्ही नकोत.

नकली माल ओळखता यावा म्हणून प्रत्येक पाकिटावर वेगळा कोड हवा असेल, तर तो सिलिंडरवर किंवा फ्लेक्सोच्या प्लेटवर होत नाही. तिथे प्रत्येक फेरीत तोच ठसा उमटतो. त्यासाठी डिजिटल छपाई लागते, दर पाकिटाचा खर्च वाढतो आणि कोडांची यादी सांभाळायला तुमच्याकडे माणूस लागतो. माल त्या किमतीचा असेल तरच या वाटेला जा.

ऑर्डर देताना

कोड वेक्टर फाइलमध्ये, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणाऱ्या फाइलमध्ये, द्या: पीडीएफ, एसव्हीजी किंवा कोरलची फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली जेपीजी दाबली जाऊन पुसट होते, आणि तीच ताणून मोठी केली की कडा फाटतात. फाइल नसेल तर नुसता पत्ता लिहून पाठवा, स्टॅटिक कोड आम्ही बनवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

प्रूफ हातात आलं की ते घरातल्या सर्वात जुन्या, काच तडकलेल्या फोनने स्कॅन करून बघा, तेही संध्याकाळी, दुकानातल्या उजेडात. मग रिकाम्या पाउचमध्ये माल भरा, सील करा आणि पुन्हा बघा. पान उघडलं, नंबर बरोबर आहे, मराठी-हिंदी दोन्ही नीट दिसतंय, असं झालं की प्रूफवर सही करून पाठवा. सही आल्याशिवाय आम्ही सिलिंडर कोरायला देत नाही.