फोन हॅकिंग प्रकरण, ब्रिटन : जनक्षोभ आणि वृत्तपत्रांचे नियमन

लंडनच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या रविवारच्या टॅब्लॉइडने खासगी गुप्तहेर हाताशी धरून अनेक वर्षे लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकले. जुलै २०११ मध्ये या चोरीचे खरे स्वरूप बाहेर आले आणि १ ऑक्टोबर १८४३ पासून चालत आलेले हे साप्ताहिक एका आठवड्यात बंद पडले. पुढे न्यायमूर्ती ब्रायन लेव्हसन यांची चौकशी झाली, ब्रिटिश वृत्तपत्रांवर कोणी आणि कसा अंकुश ठेवायचा हा जुना वाद पेटला, आणि कायद्याच्या पातळीवर तो अर्धवटच राहिला. संतापाने वृत्तपत्र बंद पाडले, पण नियामक उभा करण्याचे काम मात्र रेंगाळले. या प्रकरणातून शिकायचे ते या दोन गोष्टींमधल्या अंतरातच आहे.

हॅकिंग म्हणजे नेमके काय

मराठीत या प्रकाराला अनेकदा ‘फोन टॅपिंग’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. टॅपिंगमध्ये चालू संभाषण ऐकले जाते आणि त्याला बहुधा दूरसंचार कंपनीची किंवा सरकारी यंत्रणेची साथ लागते. येथे ऐकले गेले ते व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही तर समोरच्याने कंपनीच्या यंत्रणेवर ठेवलेले ध्वनिमुद्रित निरोप. भारतात ही सोय फारशी रुजली नाही. ब्रिटनमध्ये मात्र २००० च्या आसपास ती सर्रास वापरात होती.

स्वतःचे निरोप दुसऱ्या फोनवरून ऐकता यावेत म्हणून कंपन्यांनी एक वाट ठेवली होती. आपला क्रमांक फिरवायचा, स्वागताचा आवाज सुरू झाला की ठरलेली कळ दाबायची आणि चार आकडी पिन द्यायचा. सुरुवातीचा पिन ०००० किंवा १२३४ असा सोपा असे आणि बहुसंख्य ग्राहक तो कधी बदलतच नसत. गुप्तहेराचे निम्मे काम इथेच होऊन जाई. फोन मालकाने उचलू नये म्हणून दोन फोन वापरले जात. पहिल्याने लाइन गुंतवून ठेवायची, त्याच क्षणी दुसऱ्याने फिरवायचे, म्हणजे दुसरा कॉल थेट व्हॉइसमेलवर जाई. पिन बदललेला असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात ‘मी दुसऱ्या शाखेतून बोलतोय’ अशी थाप मारून तो पूर्ववत करून घ्यायचा.

चोरी उघडकीस येण्याचे कारणही यंत्रणेतच होते. एकदा ऐकलेला निरोप ‘नवीन’ यादीतून ‘जतन केलेल्या’ यादीत जातो. २००५ च्या अखेरीस राजवाड्यातील कर्मचाऱ्यांना आपण न ऐकलेले निरोप ऐकलेल्या यादीत दिसू लागले. त्याच सुमारास राजपुत्र विल्यम यांच्या गुडघ्याच्या दुखापतीची बातमी छापून आली. पाठोपाठ एका दूरचित्रवाणी पत्रकाराकडून ते चित्रफीत संकलनाची सामग्री उसनी घेणार असल्याचीही बातमी आली. ही गोष्ट जवळपास त्या दोघांनाच ठाऊक होती. तक्रार पोलिसांकडे गेली. राजघराण्याच्या बातम्या पाहणारे संपादक क्लाइव्ह गुडमन आणि गुप्तहेर ग्लेन मल्केअर यांना ऑगस्ट २००६ मध्ये अटक झाली. जानेवारी २००७ मध्ये गुडमन यांना चार आणि मल्केअर यांना सहा महिन्यांची कैद झाली. साप्ताहिकाचे मुख्य संपादक अँडी कूलसन यांनी राजीनामा दिला.

पाच वर्षांची शांतता

मालक कंपनी न्यूज इंटरनॅशनल ही माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पची ब्रिटिश शाखा. तिचा बचाव एका वाक्याचा होता: हे एकाच वाट चुकलेल्या वार्ताहराचे काम आहे. तो टिकला याला तीन कारणे होती.

पहिले कारण पोलिसांचे. मल्केअर यांच्याकडून जप्त केलेली सुमारे ११ हजार पानांची टिपणे २००६ पासून लंडन पोलिसांच्या ताब्यात होती, पण त्यांची पूर्ण छाननी झाली नाही. जुलै २००९ मध्ये ‘द गार्डियन’चे निक डेव्हिस यांनी हॅकिंगची व्याप्ती मोठी असल्याचे आणि तडजोडीपोटी गुपचूप मोठ्या रकमा दिल्या गेल्याचे छापले. सहायक आयुक्त जॉन येट्स यांनी त्याच दिवशी नव्या तपासाची गरज नसल्याचे जाहीर केले.

दुसरे कारण कायद्याच्या अर्थाचे. २००० च्या तपास अधिकार नियमन कायद्यानुसार चोरून ऐकणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि ‘सार्वजनिक हितासाठी केले’ हा बचाव त्यात नाही. तरीही मालकाने निरोप ऐकण्याआधी तो चोरला गेला तरच गुन्हा होतो, असा संकुचित अर्थ पोलिसांनी धरला. पीडितांची संख्या कागदावर चिमूटभर उरली ती यामुळे. मालकाने आधी ऐकलेला निरोप चोरणे हाही गुन्हाच आहे, असा निर्वाळा अपील न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

तिसरे कारण लोकांचे. तोवर समोर आलेली नावे राजपुत्र, अभिनेते, फुटबॉलपटू आणि राजकारणी यांची होती. प्रसिद्धीवर जगणाऱ्यांची थोडी गुपिते फुटली तर काय बिघडले, ही भावना सार्वत्रिक होती, आणि ती गुपिते वाचायला दर रविवारी २५ लाखांहून अधिक लोक अंक विकत घेत होते.

जुलै २०११

४ जुलै २०११ रोजी ‘गार्डियन’ने छापले की, मार्च २००२ मध्ये सरे परगण्यातून बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या मिली डाउलर या १३ वर्षांच्या मुलीचा व्हॉइसमेलही हॅक झाला होता, तोही तिचा शोध चालू असताना. काही निरोप पुसले गेल्याने ती जिवंत असल्याची खोटी आशा आईवडिलांना लागली, असेही त्या बातमीत होते. सामान्य घरातले लेकरू आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले आईबाप म्हटल्यावर संतापाची जातच बदलली. पाठोपाठ ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांतील मृतांचे नातलग आणि युद्धात पडलेल्या सैनिकांची कुटुंबेही लक्ष्य असल्याच्या बातम्या आल्या.

क्षोभ व्यक्त झाला तो मोर्चांपेक्षा जाहिरातींच्या वाटेने. ट्विटर, फेसबुक आणि ‘मम्सनेट’ या पालकांच्या संकेतस्थळावरून लोकांनी थेट जाहिरातदारांनाच विचारले, ‘तुम्ही या अंकात जाहिरात देणार का?’ फोर्डने ५ जुलैला अंग काढून घेतले आणि मग एकामागून एक बड्या कंपन्यांनी तोच मार्ग धरला. माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजनने ७ जुलैला संबंध तोडले आणि त्याच दुपारी साप्ताहिक बंद करण्याची घोषणा झाली. १० जुलैच्या अखेरच्या अंकाच्या सुमारे ५० लाख प्रती छापल्या गेल्या. सुमारे २०० जणांची नोकरी गेली. त्यांतले अनेक जण हॅकिंगच्या काळात तिथे कामालाही नव्हते.

१३ जुलैला रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पने बीस्कायबी ही उपग्रह वाहिनी पूर्ण ताब्यात घेण्याचा प्रस्ताव मागे घेतला. १५ जुलैला न्यूज इंटरनॅशनलच्या मुख्याधिकारी रेबेका ब्रुक्स यांनी, १७ जुलैला पोलीस आयुक्त पॉल स्टीफन्सन यांनी आणि दुसऱ्या दिवशी येट्स यांनी राजीनामा दिला. १९ जुलैला मरडॉक पितापुत्र संसदीय समितीपुढे बसले.

एक दुरुस्ती नोंदवायला हवी. निरोप वार्ताहरांनी पुसले, हा सर्वांत संतापजनक तपशील सिद्ध झाला नाही. ठरावीक काळानंतर यंत्रणा जुने निरोप आपोआप पुसत असे आणि तेच घडले असण्याची शक्यता डिसेंबर २०११ मध्ये पोलिसांनी मांडली. ‘गार्डियन’नेही दुरुस्ती छापली. हॅकिंग मात्र झालेच होते, ते कंपनीने मान्य केले. डाउलर कुटुंबाला २० लाख पौंड आणि मरडॉक यांच्याकडून धर्मादाय संस्थांना आणखी १० लाख पौंड देण्यात आले.

नव्या तपासात साडेपाच हजारांहून अधिक संभाव्य पीडितांची नावे निघाली. २४ जून २०१४ रोजी ओल्ड बेलीच्या न्यायालयात कूलसन दोषी ठरले आणि त्यांना १८ महिन्यांची कैद झाली. मधल्या काळात ते पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांचे संपर्कप्रमुखही होऊन गेले होते. ब्रुक्स निर्दोष सुटल्या.

नियामकाचा प्रश्न

१९९१ पासून काम करणारा प्रेस कंप्लेंट्स कमिशन हा वृत्तपत्रांच्याच पैशावर चालणारा तक्रार आयोग होता. त्याला दंड करता येत नसे, पुरावे मागवता येत नसत आणि सदस्यत्व ऐच्छिक होते. जानेवारी २०११ मध्ये ‘एक्सप्रेस’ समूह त्यातून सरळ बाहेर पडला. ‘गार्डियन’च्या बातमीनंतर आयोगाने नोव्हेंबर २००९ मध्ये हॅकिंग चालू असल्याचा पुरावा नाही, असा अहवाल दिला होता. तो त्याला जुलै २०११ मध्ये मागे घ्यावा लागला. भारतीय वाचकाला यातला दुबळेपणा ओळखीचा वाटेल. १९७८ च्या कायद्याने चालणारी आपली प्रेस कौन्सिलही ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही.

लेव्हसन यांच्यापुढे ३३७ जणांनी प्रत्यक्ष साक्ष दिली आणि २९ नोव्हेंबर २०१२ रोजी सुमारे २,००० पानांचा अहवाल आला. शिफारशीचा गाभा असा: नियामक वृत्तपत्रांनीच स्थापावा, पण त्याच्या मंडळात विद्यमान संपादक नसावेत, त्याला १० लाख पौंडांपर्यंत दंडाचा अधिकार असावा, स्वस्त लवाद असावा, प्रसिद्धी आधीच रोखण्याचा अधिकार नसावा, आणि तो निकषांत बसतो का, हे कायद्याच्या आधाराने तपासले जावे. शेवटच्या कलमावरच ठिणगी पडली. ‘हॅक्ड ऑफ’ या पीडितांच्या मोहिमेला ते हवे होते. बहुतेक वृत्तपत्रांना त्यात तीनशे वर्षांनी परतणारा सरकारी परवाना दिसला. तोडगा म्हणून संसदेच्या कायद्याऐवजी राणीच्या नावे निघणारी राजसनद काढली गेली. तिच्यावर ३० ऑक्टोबर २०१३ रोजी मोहर उमटली.

सनदेला दात होते ते २०१३ च्या गुन्हे व न्यायालये कायद्याच्या कलम ४० चे. मान्यताप्राप्त नियामकाचा सदस्य नसलेल्या वृत्तपत्रावर खटला झाला, तर वृत्तपत्र जिंकले तरी दोन्ही बाजूंचा खर्च सहसा त्यानेच द्यायचा, अशी ती तरतूद होती. दबाव म्हणून ती परिणामकारक ठरली असती, पण खरी बातमी छापून खटला जिंकणाऱ्यालाच भुर्दंड बसवणे ही तिच्यातली मोठी खोट होती, हे विरोधकांचे म्हणणे खोडता येण्यासारखे नाही. कलम कधीच लागू झाले नाही आणि २०२४ च्या माध्यम कायद्याने ते रद्द झाले.

प्रत्यक्षात दोन नियामक उभे राहिले. इप्सो सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. बहुतेक मोठी वृत्तपत्रे त्यात आहेत, पण त्याने सनदेखाली मान्यता मागितलेलीच नाही. इम्प्रेसला ऑक्टोबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली, पण त्याचे सदस्य मुख्यतः लहान आणि स्थानिक प्रकाशक आहेत. ‘गार्डियन’ आणि ‘फायनान्शियल टाइम्स’ दोन्हींच्या बाहेर राहिले.

इप्सोकडे तक्रार करायची तर मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून सहसा चार महिन्यांत करावी लागते. ‘वाईट वाटले’ एवढे पुरत नाही, आचारसंहितेचे कलम दाखवावे लागते. कलम १ अचूकतेचे, २ खासगीपणाचे, ४ शोकाच्या प्रसंगी घुसखोरीचे, तर १० छुप्या उपकरणांचे आणि फसवणुकीचे आहे. व्हॉइसमेल चोरणे या शेवटच्यात येते. आधी वृत्तपत्राला तक्रार सोडवण्याची संधी मिळते, नंतर ती समितीकडे जाते. समिती दुरुस्ती किंवा निर्णय छापायला लावू शकते. दंड मात्र तक्रारीतून होत नाही. त्यासाठी वेगळी सखोल चौकशी लागते, आणि पहिल्या दहा वर्षांत इप्सोने एकही दंड केला नाही.

पोलीस आणि वृत्तपत्रे यांच्या साटेलोट्याची तपासणी लेव्हसन चौकशीच्या दुसऱ्या भागात व्हायची होती. सरकारने तो १ मार्च २०१८ रोजी गुंडाळला. त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा सुरू करण्याची दुरुस्ती कॉमन्स सभागृहात २९५ विरुद्ध ३०४ मतांनी पडली.

राहिलेले काम दिवाणी न्यायालयांकडे गेले. मे २०१५ मध्ये ‘डेली मिरर’ काढणाऱ्या मिरर समूहाला हॅकिंगपोटी आठ जणांना मिळून सुमारे १२ लाख पौंड भरपाई द्यावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच समूहाविरुद्ध राजपुत्र हॅरी यांना १,४०,६०० पौंड मंजूर झाले. मरडॉक यांच्या कंपनीविरुद्धचा हॅरी यांचा दावा जानेवारी २०२५ मध्ये सुनावणीच्या तोंडावर तडजोडीने मिटला. कंपनीने ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मधील हॅकिंगबद्दल माफी मागितली आणि आपल्याच ‘द सन’ या टॅब्लॉइडसाठी काम करणाऱ्या खासगी गुप्तहेरांनी बेकायदा कृत्ये केल्याचे प्रथमच मान्य केले. खटला उभा न राहिल्याने ‘द सन’वरील बाकीचे आरोप त्या दाव्यात पुराव्यानिशी तपासले गेले नाहीत.