घाटासाठी सायकलचे गिअर हलके करणे

चढावर पेडल मारणे सोपे जावे म्हणून पुढच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात कमी किंवा मागच्या कॅसेटमधील (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचातील) मोठ्या चक्राचे दात जास्त केले जातात. ७०० सी (रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या) चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५५ मीटर पुढे जाते. मागे ३४ असतील तर २.१ मीटर.

हलक्या गिअरमुळे चढण्याचे काम कमी होत नाही. सायकलसह ८५ किलो वजन ८ टक्के चढावर ताशी साडेसात किलोमीटरने न्यायला गिअर कोणताही असला तरी सुमारे १५० वॅट लागतात. मात्र ३४-२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) त्या वेगाला मिनिटाला ४९ फेरे पडतात, ३४-३४ वर ६०. फेरे जितके कमी, तितका प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त. मग मांड्या भरून येतात आणि गुडघे कुरकुरू लागतात. त्यामुळे निवड घाटाच्या सरासरी चढावरून करू नये. सिंहगडाच्या किंवा पसरणी घाटाच्या सर्वांत खड्या वळणावर दम टिकवून जो वेग निघतो, त्याला किमान ६० फेरे मिळायला हवेत. सामान लादलेल्या सायकलीला याहूनही हलका गिअर लागतो. तीन चेनरिंगच्या माउंटन सायकलीतील २२-३४ तिथे खरा उपयोगी.

बहुतेकांना कॅसेट बदलणे पुरते. ११-२८ (सर्वांत लहान चक्र ११ आणि सर्वांत मोठे २८ दातांचे) ऐवजी ११-३४ घेतली तर उतारावरचा वेग तसाच राहतो, फक्त दोन गिअरमधले अंतर वाढते आणि सपाटीवर ते जाणवते.

खरेदीआधी मागच्या डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची) मर्यादा तपासावीच. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग आणि मागे ११-३४ कॅसेट या जोडीला (५०−३४)+(३४−११) म्हणजे ३९ दातांची क्षमता लागते. शिमानो १०५ आर७००० चा लांब पिंजऱ्याचा (पुली धरणाऱ्या भागाचा) डिरेलर ती पेलतो. आखूड पिंजऱ्याचा मागे ३० दातांपर्यंतच चालतो.

कॅसेटची लॉकरिंग (तिला चाकावर घट्ट धरणारी कडी) ४० न्यूटन-मीटरने आवळतात. जुनी चेन आता आखूड पडू शकते. नवी चेन डिरेलरमधून न नेता दोन्हीकडच्या मोठ्या चक्रांवर गुंडाळून त्यात दोन कड्या वाढवाव्यात. आखूड चेनवर चुकून मोठे-मोठे गिअर पडले तर डिरेलर किंवा हँगर (तो सायकलच्या चौकटीला जोडणारा तुकडा) मोडतो. सर्वांत हलक्या गिअरला खरखर आली, तर डिरेलरची वरची पुली मोठ्या चक्राला घासते आहे. बी-स्क्रू (ही फट ठरवणारा डिरेलरवरचा स्क्रू) थोडा आत फिरवला की फट वाढते.