इंधनटाकीतील अस्तर-लेप : टिकाऊपणा

वाहनाच्या धातूच्या टाकीला आतून गंज चढू नये आणि सांध्यांतून किंवा गंजाने पडलेल्या बारीक भोकांतून इंधन झिरपू नये, म्हणून टाकीत एक द्रव ओततात, टाकी सर्व बाजूंनी हिंदकळवतात आणि उरलेला द्रव निथळून काढतात. पत्र्यावर राहिलेला थर वाळून जे अस्तर तयार होते त्याला टाकी-सीलर, टँक लायनर किंवा नुसते ‘कोटिंग’ म्हणतात. जुन्या मोटरसायकली, मोटारी, ट्रॅक्टर आणि जनरेटर यांच्या दुरुस्तीत त्याचा वापर मुख्यतः होतो. कारखान्यातून येणाऱ्या पोलादी टाकीत सहसा असे अस्तर नसते. तिथे पत्र्यालाच मुलामा असतो : पूर्वी शिसे-कथिलाचा, नंतर जस्त-निकेल, कथील-जस्त किंवा ॲल्युमिनियमचा. हा मुलामा संपला की पुढचे काम लेपाकडे येते.

लेपाचे आयुष्य एका आकड्यात सांगता येत नाही. डब्यावर ते तसे छापलेले असले तर ती जाहिरात समजावी. एकाच डब्यातला लेप एका टाकीत वर्षानुवर्षे शाबूत राहतो आणि दुसरीत लवकरच पोपडे धरतो. अशा वेळी दोष रसायनाला दिला जातो, पण कारण बहुतेक वेळा लेपाखालच्या पत्र्यात सापडते.

टाकी सगळीकडे सारखी गंजत नाही. इंधन संपत जाते तशी बाहेरची हवा आत येते, तापमान उतरले की तिच्यातली वाफ छताच्या उघड्या पत्र्यावर दवासारखी जमते, आणि पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते पाणी ओघळून तळाशी बसते. त्यामुळे छत आणि तळाचा खोलगट भाग आधी जातो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने या गोष्टीला वेगळे वळण दिले. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सुमारे १५ अंश सेल्सिअसला साधारण अर्धा टक्का पाणी स्वतःत सामावून घेते. पाणी त्यापेक्षा वाढले किंवा थंडी पडली की पाणी आणि अल्कोहोल यांचा वेगळा थर तळाशी साचतो. लेपाची खरी कसोटी या थराखाली लागते, कारण त्याच्याखालचा पत्रा वाहन उभे असतानाही अखंड भिजत राहतो. वाहन रोज वापरात असेल तर टाकी तुलनेने सुखी असते.

लेपांचे ढोबळ प्रकार तीन. पहिला, नायट्राइल रबरासारखे बहुवारिक (लांब साखळी-रेणूंचा पदार्थ, म्हणजे पॉलिमर) कीटोन वर्गातल्या द्रावकात विरघळवून केलेला. यात द्रावक उडून गेले की पापुद्रा उरतो, पण रेणूंच्या साखळ्यांमध्ये आडवे बंध तयार होत नाहीत. जे द्रावकात विरघळले ते योग्य द्रावक मिळताच पुन्हा विरघळू शकते, म्हणून या पिढीतले काही लेप अल्कोहोलमिश्रित इंधनात मऊ पडतात. लहान विमानांच्या टाक्यांत वापरलेल्या जुन्या सीलरांचाही हाच अनुभव आहे. दुसरा प्रकार ओलाव्याने घट्ट होणाऱ्या पॉलियुरेथेनचा, तिसरा दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचा. इपॉक्सीतही फिनॉल-नोव्होलॅक जातीची रेझिने इंधनाला जास्त दाद देत नाहीत, कारण त्यांच्यात बंधांचे जाळे दाट विणले जाते. विमानांच्या पंखांतल्या टाक्यांचे सांधे बुजवायला पॉलिसल्फाइड हे रबरासारखे सीलर वापरतात. ते लवचिक असते आणि विमानाच्या इंधनात चांगले टिकते. मात्र ते सांध्यावर हाताने किंवा गनने भरायचे असते, टाकीत ओतून फिरवायचे नसते.

इथेनॉल जास्त तितका लेपाला त्रास जास्त, असा समज सरसकट खरा नाही. पेट्रोलमधले टोल्युइनसारखे सुगंधी (ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारखी वलयाकार रचना असलेले) हायड्रोकार्बन आणि इथेनॉल हे दोन्ही एकत्र आले की अनेक रबरे त्या मिश्रणात दोहोंपैकी कोणत्याही एकट्या द्रवापेक्षा जास्त फुगतात. म्हणून १० ते २५ टक्क्यांच्या पट्ट्यातली मिश्रणे काही पदार्थांना ८५ टक्के इथेनॉलपेक्षाही जड जातात. प्रयोगशाळेत आयसोऑक्टेन आणि टोल्युइन निम्मे-निम्मे घेऊन केलेले ‘फ्युएल सी’ हे प्रमाण इंधन वापरतात आणि त्यात इथेनॉल मिसळून नमुने बुडवून ठेवतात. फुगवटा, वजनातला फरक आणि पत्र्यावरची पकड मोजली जाते. महिन्या-दोन महिन्यांच्या अशा चाचणीतून लेप निवडायला मदत होते, पण त्यावरून वर्षांचा हिशेब मांडणे धाडसाचे ठरते. जुने, हवेने बिघडलेले पेट्रोल हाही वेगळाच शत्रू आहे : त्यात तयार होणारी पेरॉक्साइडे रबराला आतून पोखरतात, आणि ताज्या इंधनातल्या चाचणीत हे दिसत नाही.

आता पत्र्याची तयारी. सैल गंजावर बसलेला लेप गंजालाच चिकटलेला असतो, पत्र्याला नाही, आणि गंज सुटला की त्याच्यासकट निघतो. म्हणून आधी जुन्या पेट्रोलची चिकट राळ आणि तेलकटपणा काढायचा, मग गंज. गंजासाठी फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल, किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून विद्युत-अपघटन करतात. हायड्रोक्लोरिक आम्ल झपाट्याने काम करते, पण धुतल्यावर मिनिटांत नवा तांबूस गंज धरतो. फॉस्फोरिक आम्लाने मागे लोह-फॉस्फेटचा पातळ थर राहतो, आणि तो लेपाला पकड देतो. नट किंवा साखळी टाकून टाकी खळाळणे हा जुना उपाय खवले पाडतो. आतल्या आडव्या पडद्यांमागे आणि शिवणीत मात्र तो पोचत नाही. लेप पहिल्यांदा सुटतो तोही बहुधा याच जागांवर.

शेवटचा टप्पा टाकी कोरडी करण्याचा, आणि घाई इथेच होते. शिवणीत अडकलेला ओलावा लेपाखाली कोंडला जातो. पुढे ऊन लागले की तो वाफ होऊन फोड आणतो, किंवा लेपातून आत झिरपणाऱ्या पाण्याला आपल्याकडे ओढतो. पॉलियुरेथेन ओलाव्याशी अभिक्रिया करताना कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणून तळाशी साचलेल्या जाड थरात बुडबुडे राहतात आणि तो भाग आतून कच्चाच असतो. निथळणे पूर्ण न झालेली टाकी म्हणूनच दोनदा नुकसान करते : जाड जागी लेप ठिसूळ, पातळ जागी पत्रा उघडा. घट्ट होण्याची मुदतही पाळावी लागते. वरून कोरडा वाटणारा लेप आत द्रावक धरून असतो, आणि त्यावर लगेच पेट्रोल भरले तर तो कायमचा मऊ राहतो.

सगळे नीट झाले तरी धातू आणि लेप तापमानाला सारखे वागत नाहीत. इपॉक्सी पोलादापेक्षा साधारण चार-पाचपट जास्त प्रसरण पावते, शिवाय पत्रा इंजिनाच्या कंपनाने हलत असतो. पातळ थर हे सोसतो, जाड आणि कडक थर तडकतो. टाकीला बाहेरून ठोकून पोचा काढणे, लेपानंतर वेल्डिंग करणे किंवा रंगासाठी भट्टीत घालणे, यांपैकी एकाही गोष्टीनंतर आतला लेप जसाच्या तसा राहील असे धरू नये. पोचा, वेल्डिंग आणि रंग आधी, अस्तर शेवटी.

लेप निकामी होताना इंजिन ते आधी सांगते. फिल्टर वारंवार तुंबतो, कार्बोरेटरच्या जेटमध्ये बारीक कण येतात, पेट्रोल कॉकवर पापुद्र्याचा तुकडा बसून वाहन चालता चालता बंद पडते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होते. टाकीच्या तोंडातून पाहिले तर लेप फुगलेला किंवा सुरकुतलेला दिसतो. गंजाची धूळ आणि लेपाचे तुकडे यांत फरक करायला चुंबक बहुधा पुरतो.

लेपाने भोके बुजतात, पण सुईच्या टोकाएवढीच. गंजून कागदासारख्या झालेल्या पत्र्याला तो आधार देत नाही. तिथे खराब भाग कापून नवा पत्रा लावावा लागतो. जाड पॉलिइथिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, टाकीत लेप वापरण्यात अर्थ नाही, कारण त्या पृष्ठभागाला तो धरतच नाही. काचतंतूच्या (फायबरग्लास) पॉलिएस्टर टाक्यांना इथेनॉल त्रास देते, म्हणून तिथे इपॉक्सी लेपाचा उपयोग आहे.

निकामी लेपावर नवा लेप घालू नये. जुना सुटताना नव्यालाही घेऊन जातो. रबरी लेप मेथिल एथिल कीटोनने उतरतो. नीट मुरलेली इपॉक्सी मात्र बहुतेक द्रावकांना जुमानत नाही. डायक्लोरोमिथेन तिला फुगवते, पण ते विषारी आहे आणि काही देशांत त्याच्या वापरावर निर्बंध आहेत. या कामात रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते : पेट्रोलच्या वाफेचे हवेतले प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की ठिणगी पुरते. इपॉक्सी निघतच नसेल तर टाकी कापून, आतून घासून पुन्हा जोडणे हा मार्ग उरतो. दुर्मीळ वाहनाची टाकी सोडली, तर त्या श्रमांत दुसरी टाकी बसवणे सोपे पडते.