कोकणातील ग्रामविकास कार्य

कोकण किनारपट्टीवरील खेड्यांत आरोग्य, शिक्षण आणि उपजीविका यांसाठी लोकवर्गणीतून, स्वयंसेवी संस्थांमार्फत आणि शासकीय योजनांतून चालत आलेले काम. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे या पट्ट्यातील जिल्हे. येथील कामाला देशावरच्या कामाहून वेगळे वळण लागले, ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे: वाड्यांत विखुरलेली वस्ती आणि घराबाहेर पडलेला चाकरमानी.

कोकणातले गाव कागदावर एक असते, प्रत्यक्षात त्याच्या सात-आठ वाड्या असतात आणि दोन वाड्यांच्या मध्ये घाटी, वहाळ (ओढा) नाहीतर कातळाचा सडा. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा निकष आहे. डोकी मोजणारा हा निकष अंतर मोजत नाही. पावसाळ्यात वहाळाला पाणी आले की समोर दिसणारी वाडीही लांब पडते. त्यामुळे २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशाताई येथे औषधांच्या पिशवीइतकीच पायांच्या जोरावर काम करते.

दुसरी गोष्ट जनगणनेत स्पष्ट दिसते. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. आधीच्या दहा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली होती. मुलींचे प्रमाण वाढले असा या आकड्यांचा अर्थ नाही. कमावते पुरुष मुंबईला गेले, एवढाच आहे. साहजिकच योजनेची बैठक कोणत्याही खात्याची असो, सतरंजीवर समोर बसलेल्या बहुतेक बायकाच असतात.

गेलेल्यांनी गाव सोडले, पण गावकी सोडली नाही. मुंबईच्या गिरणगावात भाड्याने घेतलेली गावाची खोली, दरमहाची वर्गणी, हिशेबाची वही आणि गणपती-शिमग्याला गावी भरणारी सभा यांतून मुंबई मंडळे उभी राहिली. शाळेच्या खोल्या, विहिरी, पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) आणि साकव (ओढ्यावरचे लहान पूल) यांना या मंडळांचा पैसा लागला. देवळाच्या जीर्णोद्धाराला जमतो त्या वेगाने नळयोजनेला पैसा जमत नाही, ही तक्रारही तितकीच जुनी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे मनीऑर्डरीबरोबर वर्गणीही आटली.

या प्रकाराचे जुने उदाहरण म्हणजे दापोली तालुक्यातील मुरूडचा ‘मुरूड फंड’. धोंडो केशव कर्वे यांनी गावाच्या सुधारणेसाठी तो १८८६ मध्ये सुरू केला. सात वर्षांनी त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावासाठी झटणाऱ्याला गाव काय देते याचा हा एक जुना दाखला. तरी कर्वे खेड्यांपासून दूर गेले नाहीत. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापले. लोकल बोर्डाची शाळा न पोचलेली खेडी हे त्याचे लक्ष्य होते.

उत्तर कोकणात शिक्षणाचा प्रश्न निराळा होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली आणि तिला नाव पडले अंगणवाडी. १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे असत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरतात तेथेच शाळा. खडे, बिया, पाने, शिंपले हेच शिकवण्याचे साहित्य. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. शब्द सर्वत्र गेला, मुलाच्या दिनक्रमाप्रमाणे शाळेने वाकायचे ही रीत मात्र सगळीकडे गेली नाही.

दक्षिणेत अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम स्थापन केला. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब भंगीमुक्ती, मृत जनावरांच्या कातड्याचे काम, गोबरगॅस आणि मैल्याचे खत यांत स्वतः हात घालून उतरले. संडास हा त्यांच्या दृष्टीने आरोग्याचा, शेतीचा आणि जातीचा असा एकच प्रश्न होता. २०१६ च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सिंधुदुर्ग जिल्हा सपाट प्रदेशांच्या गटात देशात पहिला आला. त्या यशामागची ही पायवाट सहसा सांगितली जात नाही.

आर्थिक कार्यक्रमांचा पाया जमिनीच्या हक्कात आहे. अलिबागजवळच्या चरी येथील शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ असा चाललेला संप आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती (खोत या मध्यस्थामार्फत सारा वसूल करण्याची पद्धत) निर्मूलनाचे विधेयक यांनंतर, १९४९ च्या कायद्याने खोती गेली. कुळाच्या नावावर जमीन आल्यावरच तो पंधरा वर्षांनी भरघोस फळ देणारे झाड लावण्याचा विचार करू शकतो. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राच्या काजू कलमांचा त्यात मोठा वाटा आहे. अडचण उरली सातबाऱ्याची. एका उताऱ्यावर पंचवीस-तीस सामाईक नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या बाईचे नाव बहुधा त्यात नाहीच. अनुदानाचा अर्ज संमतिपत्रांपाशी अडतो.

जमिनीशिवाय उभे राहता येईल असा मार्ग बचत गटांनी दिला. नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँका जोडण्याचा उपक्रम सुरू केला. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियान यांनी गटांचे जाळे विणले. कोकणात गटांचा हुकमी माल म्हणजे कोकम. रातांबे (कोकमाची फळे) फोडायचे, साली मीठ घातलेल्या रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवायच्या की आमसुले तयार. रसाचे आगळ, बियांचे तेल. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. पण रातांबा पिकतो एप्रिल-मेमध्ये आणि वळवाची एक सर आली की अंगणातला माल काळा पडतो. गटाला कर्जाइतकीच गरज असते ती वाळवणीच्या शेडची.

खाडीकाठी चित्र वेगळे आहे. २०१७ मध्ये राज्याने कांदळवनांशी निगडित उपजीविकेची योजना आणली. खेकडे, कालवे (खाण्याचे शिंपले) आणि जिताडा मासा यांचे पालन हे तिचे मुख्य घटक. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या स्त्रिया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे कासवांच्या संवर्धनातून २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि घरगुती निवासाचा धंदा तेथे रुजला. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या चक्रीवादळांनी नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, तेव्हा एकाच पिकावर घर चालवण्यातला धोका उत्तर रत्नागिरी आणि रायगडच्या गावांनी अनुभवला.

आरोग्य आणि उपजीविका येथे वेगळ्या काढता येत नाहीत. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. गोचिडीतून पसरणाऱ्या या तापाचे दिवस जानेवारी ते मे, म्हणजे नेमके काजूबी वेचण्याचे आणि भाजावळीसाठी (शेतजमीन भाजण्यासाठी) पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करण्याचे. रानात जाऊ नका, हा सल्ला त्या दिवसांत वर्षाची कमाई सोडा असा ऐकू येतो. अंगाला लावायचे तेल आणि घरी आल्यावर गरम पाण्याची आंघोळ हा सल्ला त्यामुळे अधिक पाळला जातो.

शालान्त परीक्षांत कोकण विभागीय मंडळ २०१२ मधील स्थापनेपासून निकालाच्या टक्केवारीत राज्यात सातत्याने आघाडीवर आहे. त्याच कोकणात पटसंख्या घटल्याने वाडीवरच्या प्राथमिक शाळा बंद करण्याचे किंवा मोठ्या शाळेत मिसळण्याचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा येतात. विरोध करणाऱ्या पालकांचा मुद्दा साधा असतो: सहा वर्षांच्या मुलाला जुलैत वहाळ कोण ओलांडून देणार.