हा उजेड कुणाचा? तेजोमेघ ओळखताना

थंडीतल्या अंधाऱ्या रात्री मृग नक्षत्रातले बाणाचे तीन तारे सापडले, की त्यांच्या खाली फिकट ठिपक्यांची एक छोटी उभी ओळ दिसते. त्यातला मधला ठिपका निरखून पाहा. तो कडेला पुसट होत जातो. हाच मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू आणि धुळीचा ढग, सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूरचा. दुर्बिणीतून तो राखाडी, फार तर हिरवट दिसतो आणि फोटोतला गुलाबी रंग शोधणारे हिरमुसतात. मंद उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, त्याला इलाज नाही. म्हणून रंगावर आणि आकारावर फार विसंबू नये. मी नवख्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: हा उजेड कुणाचा?

मृगात तो खुद्द वायूचा आहे. मेघाच्या पोटात चार तरुण ताऱ्यांचा चौकोन आहे. त्यातल्या सर्वांत तापलेल्या ताऱ्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परतताना ठरावीक रंगांचा प्रकाश बाहेर पडतो. असा एकेक रंग म्हणजे एकेक ‘रेषा’, ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा त्यातलीच. हा उत्सर्जन तेजोमेघ.

कृत्तिकांभोवतीचं निळसर धुकं मात्र उसन्या उजेडावर चमकतं. तिथले तारे वायू पेटवण्याइतके तापलेले नाहीत. धूळ त्यांचा प्रकाश विखुरते, आणि निळा जास्त विखुरते. १९१२ साली खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी या धुक्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगारंगांत पसरवून मिळणारा पट्टा, घेतला, तेव्हा तो शेजारच्या ताऱ्यांच्या वर्णपटासारखाच निघाला. हा परावर्तन तेजोमेघ.

हा फरक स्वतः पाहता येतो. दुर्बिणीसाठी मिळणारा यूएचसी फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या काही रेषांपुरताच प्रकाश आत सोडतो. तो नेत्रिका (दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग) आणि डोळ्याच्या मध्ये धरून मृगाकडे पाहा. तारे विझल्यासारखे होतात, मेघ मात्र काळ्या आकाशावर ठसठशीत उठून येतो. तोच फिल्टर कृत्तिकांवर धरला, तर ताऱ्यांबरोबर धुकंही मंदावतं.

या युक्तीचं मूळ लंडनमध्ये आहे. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघावर वर्णपटदर्शक रोखला. ताऱ्यांसारखा सलग पट्टा न दिसता त्यांना एकच तेजस्वी हिरवी रेषा दिसली. म्हणजे तिथे विरळ वायू होता! ती रेषा माहितीतल्या कुठल्याच मूलद्रव्याची वाटेना, म्हणून ‘नेब्युलियम’ असं नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी उलगडा केला: हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. असा प्रकाश द्यायला अणूला बराच वेळ एकटं राहावं लागतं, आणि इतका एकांत अवकाशातल्या विरळ वायूतच मिळतो. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

हगिन्स यांनी पाहिलेला मेघ ग्रहीय प्रकारचा होता. ग्रहांशी त्याचा संबंध नाही. छोट्या दुर्बिणीत ग्रहासारखं गोल बिंब दिसतं, म्हणून हे नाव. सूर्यासारखा तारा म्हातारपणी बाहेरचे थर सोडतो आणि उघडा पडलेला गाभा त्यांना उजळतो. वृषभेतला खेकडा तेजोमेघ हा तर स्फोटाचा अवशेष. तो अतिनवतारा, म्हणजे ताऱ्याचा तो स्फोट, १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवला होता. मेघाच्या मध्यावर उरलेला न्यूट्रॉन तारा, म्हणजे त्या ताऱ्याचा अतिघट्ट गाभा, आजही सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेतो.

कृष्ण तेजोमेघाला उजेडच नाही. तो मागचा प्रकाश अडवतो, म्हणून दिसतो. मृगातलं घोड्याचं डोकं खगोलशास्त्रज्ञ विल्यमिना फ्लेमिंग यांना १८८८ च्या छायाचित्रात सापडलं, ते असंच.

मे महिन्यात मध्यरात्रीनंतर धनू राशीतला त्रिदल तेजोमेघ शोधा. फोटोत लाल दिसणारं उत्सर्जन, त्याला चिकटलेलं निळं परावर्तन आणि लाल भागाला चिरणाऱ्या धुळीच्या काळ्या भेगा एकाच दृष्टिक्षेत्रात असतात. फिल्टर लावला की दक्षिणेचा उत्सर्जनाचा भाग टिकतो, आणि उत्तरेचा परावर्तनाचा भाग आकाशात विरून जातो.