पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, असं नसतं

थंडी पडली की बडोद्यातून रविवारी सकाळी डभोई रोडला गाड्या लागतात, त्यातल्या बऱ्याच वढवाणाला निघालेल्या असतात. १९१० साली बडोदा संस्थानाने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, २०२१ पासून रामसर साइट (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि हिवाळ्यात मंगोलिया-तिबेटकडून आलेले पक्षी. लोकांनी जावंच बघायला, मुलांना तर नक्की न्यावं. पण किती जवळ जायचं, हा खरा प्रश्न आहे.

काठावर पट्टकादंबांचा (बार-हेडेड गूज, हंसासारखा स्थलांतरी पक्षी) थवा गवत खातोय असं समजा. कोणीतरी मोबाईल घेऊन बांधावरून खाली उतरतं. आधी एकाची मान ताठ होते, मग शेजारच्या दोघांची, आणि बघता बघता सगळा थवा खायचा थांबून त्या माणसाकडे बघत बसतो. उडत कोणीच नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं चाललंय ठीक, म्हणून आणखी चार पावलं पुढे! त्रास तर पहिली मान वर झाली तेव्हाच सुरू झालेला असतो, कारण तो वेळ पोट भरायचा होता. आणि उडालेच तर बसून राहण्यापेक्षा कितीतरी पट ताकद जाते. वारकरी पक्षी बघा, त्याला उडायच्या आधी पाण्यावर पाय मारत लांबवर धावावं लागतं, तेव्हा कुठे हवेत जातो. दिवसभर दर थोड्या वेळाने हेच झालं तर अंगावर चरबी साठणार कधी? पट्टकादंबाला परत जाताना हिमालय ओलांडायचाय, सात हजार मीटरच्याही वर उडताना त्याची नोंद झालेली आहे.

माणूस गाडीत किंवा आडोशाच्या मागे असला तर पक्षी बरेच जवळ येऊ देतात, तोच माणूस चालत सरळ त्यांच्या दिशेने आला की लांबूनच बिथरतात. म्हणून मला वाटतं रस्ता एकच ठरलेला असावा, त्याच्या कडेला बांबू-गवताचे आडोसे, आणि एक अख्खा काठ माणसांसाठी पूर्ण बंद, म्हणजे दचकलेल्या पक्ष्यांना जायला जागा राहील. ड्रोन तर अजिबात नको, वरून काही आलं की त्यांना शिकारी पक्षीच आठवतो. पाणथळींसाठीच्या २०१७ च्या नियमांत पुराच्या सरासरी रेषेपासून ५० मीटरच्या आत जेट्टी सोडून पक्कं बांधकाम करायला बंदी आहेच, पण ती भिंतींवर, चालणाऱ्या पायांना कोण थांबवणार?

तलावाबाहेरचं कोणी बोलतच नाही. पट्टकादंब पहाटे-संध्याकाळी आसपासच्या शेतात चरायला जातात, कोवळं पीक खातात, शेतकरी हाकलणारच, त्याचं नुकसान होतंय. तिकिटाच्या पैशातला वाटा त्या गावांना मिळाला, नुकसानीची भरपाई झाली आणि गाइड म्हणून तिथलीच पोरं घेतली तर संध्याकाळी शेतातून थवा हाकलायची घाई कमी होईल.