नीट लिहिलेलं वर्णन आणि उपयोगी पडणारं वर्णन

एआय एजंट म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालणारा, स्वतःहून कामं करणारा प्रोग्राम; टूल म्हणजे त्याला वापरायला दिलेलं एखादं फंक्शन. अशा एजंटसाठी लिहिलेलं टूलचं वर्णन 'चांगलं आहे' असं कुणी म्हटलं, की मी आधी विचारतो: वाचून म्हणताय, की चालवून? मजकूर स्पष्ट आणि पूर्ण असणं ही एक गोष्ट. तो वाचून एजंटने योग्य वेळी योग्य टूल उचलणं ही दुसरी. पहिली जमली की दुसरी आपोआप जमते असं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो.

मुळात मॉडेलला टूलचा कोड दिसत नाही. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने बाहेरचं फंक्शन मागवण्याची सोय, आणलं, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी), म्हणजे मॉडेलला बाहेरच्या टूल्सशी जोडण्याची सामायिक पद्धत, जाहीर केला. दोन्हीकडे मॉडेलची निवड मुख्यतः तीन गोष्टींवर चालते: टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांचा) जेसन स्कीमा, म्हणजे ठरावीक स्वरूपातला आराखडा. माणसासाठीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये काही राहून गेलं तर तो कोड उघडून बघतो, सहकाऱ्याला विचारतो. मॉडेल बहुतेकदा अंदाज बांधून पुढे जातं.

एक उदाहरण जवळून बघू. एजंटकडे दोन टूल्स आहेत. 'गेट_ऑर्डर'चं वर्णन: 'ऑर्डरचा तपशील मिळवते.' 'सर्च_ऑर्डर्स'चं वर्णन: 'ग्राहकाच्या ऑर्डर्सची माहिती शोधून देते.' दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, खोटी नाहीत. आता ग्राहक विचारतो, 'माझी परवाची ऑर्डर कुठवर आली?' त्याने क्रमांक दिलेलाच नाही. एजंट 'गेट_ऑर्डर' उचलतो आणि क्रमांकाच्या जागी स्वतःच्या मनाने काहीतरी भरतो. 'गेट_ऑर्डर'चं वर्णन असं बदला: 'ऑर्डर क्रमांक हातात असेल तेव्हाच वापरा. क्रमांक नसेल तर आधी सर्च_ऑर्डर्सने तो शोधा. क्रमांक अंदाजाने भरू नका.' यात टूलबद्दल फारसं नवीन काही नाही. ते कधी वापरायचं नाही आणि शेजारच्या टूलशी त्याचं नातं काय, एवढंच वाढलं. माझ्या मते बहुतेक वर्णनांत नेमकं हेच राहून जातं.

मजकुराची तपासणी सोपी आणि स्वस्त असते. उद्देश लिहिलाय का, कधी वापरायचं आणि कधी नाही ते आहे का, प्रत्येक पॅरामीटरचा फॉरमॅट दिलाय का, चूक झाली तर काय परत येतं, हे सगळं चेकलिस्टने बघता येतं. '०३/०४/२०२५' म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा प्रश्न इथेच पकडला जातो. हे काम दुसऱ्या मॉडेलला परीक्षक नेमूनही करून घेतात. मात्र असे परीक्षक लांबलचक मजकुराला झुकतं माप देतात. शिवाय प्रत्येक वर्णन सुटं तपासलं, तर वरच्यासारखी एकमेकांत घुसलेली दोन टूल्स दोन्ही पास होऊन जातात.

म्हणून चालवून बघायचं. मॉडेल तेच, प्रश्न तेच, बदलायचं ते फक्त वर्णन. तेच मॉडेल त्याच प्रश्नाला प्रत्येक वेळी सारखं वागेलच असं नाही, त्यामुळे एकेक प्रश्न अनेकदा चालवावा लागतो. टाऊ-बेंच या २०२४ च्या बेंचमार्कमध्ये, म्हणजे एजंट्सच्या ठरावीक चाचणीत, याचसाठी वेगळं माप आहे: तेच काम अनेक वेळा दिलं तर ते प्रत्येक वेळी जमतं का. टूल बरोबर निवडलं का, आर्ग्युमेंट्स (पॅरामीटर्समध्ये भरायची मूल्यं) बरोबर भरली का आणि काम शेवटी झालं का, हे तीन आकडे वेगळे ठेवा. निवड चुकत असेल तर आधी वर्णन बघायचं, आर्ग्युमेंट्स चुकत असतील तर पॅरामीटर्सच्या नोंदी. कुठलंच टूल लागू नये असे प्रश्नही हवेतच. बर्कले विद्यापीठाच्या फंक्शन कॉलिंग लीडरबोर्डमध्ये, म्हणजे मॉडेल्सच्या गुणतक्त्यात, त्यांचा स्वतंत्र गट आहे. ते नसतील तर 'कुठल्याही ऑर्डरसंबंधी प्रश्नाला हे वापरा' असं अधाशी वर्णनसुद्धा उत्तम गुण मिळवतं. आणि काही प्रश्न बाजूला राखून ठेवा. त्याच त्या प्रश्नांवर वर्णन घासत बसलं, तर ते त्या प्रश्नांपुरतंच सुधारतं.

एक चूक मात्र दोन्ही चाळण्यांतून निसटू शकते. वर्णनात लिहिलंय 'गेल्या ९० दिवसांच्या ऑर्डर्स', कोड देतो ३० दिवसांच्या. मजकूर निर्दोष, निवड अचूक. दोन महिन्यांपूर्वीची ऑर्डर विचारली की एजंट ठामपणे सांगतो, 'अशी ऑर्डर नाही.' कोडशी ताडून पाहिल्याशिवाय किंवा उत्तर आधीच माहीत असलेला असा जुना प्रश्न टाकल्याशिवाय हे सापडत नाही.

मी आधी कोडशी मेळ बघतो, मग चेकलिस्ट लावतो आणि शेवटी चालवून बघतो, कारण चालवण्याला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात. प्रत्यक्ष वापरात एजंट जिथे चुकला, तो प्रश्न त्याच दिवशी चाचणीच्या प्रश्नसंचात टाकतो. नवं टूल जोडलं किंवा मॉडेल बदललं, की एका अक्षराचाही बदल न झालेली जुनी वर्णनं पुन्हा चालवतो.